न केलेली सही

सुमे, तू जाऊन अजून महिना व्हायचाय आणि लोकांनी तुला चांगलीसुद्धा ठरवून टाकली. जिवंत होतीस तेव्हा तू शिष्ट होतीस, कुणाच्या उपयोगाची नव्हतीस, परदेशात राहून माणसं विसरली होतीस. आता तू गावाचा अभिमान आहेस. हायवेच्या कोपऱ्यावर, भज्यांच्या गाडीच्या वर, तुझा फ्लेक्स लागलाय. फोटोत तुझे केस काळेभोर केलेत. तू बघितला असतास तर लावणाऱ्या पोरांनाच शिडी आणायला लावून उतरवला असतास.

विहारातल्या पोरी आल्या होत्या. "आज्जी, सुमनताईंवर काहीतरी लिहून द्या, आमी छापनार हाय," म्हणाल्या. मी म्हणाले, माझी शाळा चौथीपर्यंत. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. पण तुझ्यावर लिहायचं म्हणजे तू भिंतीवर आणि मी खाली सतरंजीवर, असं व्हायला लागलं. ते मला जमेना. म्हणून मी तुझ्याशीच बोलते. तुझ्यावर बोलायला अण्णा आहे, आणि तो काय बोलला ते पुढे येईलच.

तू कुठं शिकलीस, किती देश फिरलीस, ते सगळं फ्लेक्सवर आहे. मी त्यात पडत नाही. मला तू आठवतेस ती चुलीपुढची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू दुसरीत होतीस. पहिल्याच सकाळी माझ्याजवळ येऊन बसलीस आणि विचारलंस, "वहिनी, तुला वाचता येतं का?" मी म्हणाले, येतं. तू पुस्तक पुढं केलंस. "वाच." मी एका शब्दाला अडले तर म्हणालीस, "पुन्हा." सासू हसायला लागली. नवरीची परीक्षा सासू घेते, माझी नणंदेनं घेतली. पुढं तू जगभरच्या माणसांच्या परीक्षा घेतल्यास, पण पहिली माझी.

ती सवय तू शेवटपर्यंत सोडली नाहीस. तुझा भाऊ गेला, त्यानंतर दर रविवारी तुझा फोन यायचा. "वहिनी, पेपर आणलाय का? वाच." आणि मी इथं ओट्यावर बसून, तिकडं बर्फात बसलेल्या बाईला वडगावच्या बाजाराची नाहीतर तळ्यातल्या पाण्याची बातमी वाचून दाखवायची. शेजारणी म्हणायच्या, म्हातारी एकटीच मोठ्यानं बोलते. मला तेव्हा वाटायचं, तुला गावाची आठवण येते म्हणून ऐकतेस. आता कळतं, मी वाचायला विसरू नये म्हणून तू ऐकत होतीस. हे लिहिताना माझा हात चालतोय तो त्या रविवारांमुळे. हे मी तुला कधी म्हणाले नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

फ्लेक्सवर तुला 'उच्च पदाधिकारी' म्हटलंय. म्हणजे काय, ते लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. मला माहीत आहे, कारण तू मला सांगितलंस. सुट्टीवर आली होतीस, अंगणात आपण दोघी वालाच्या शेंगा सोलत होतो. तू म्हणालीस, सगळ्या देशांनी मिळून चालवलेली संस्था आहे, तिथं काम करायला जगभरातून माणसं घ्यावी लागतात, ती निवडायचं काम माझं. अर्ज येतात, लेखी परीक्षा होते, मग पाच जण बसून मुलाखत घेतात, आणि शेवटी कोण पहिला, कोण दुसरा, हे लिहून सह्या करतात.

मी म्हणाले, "मग लोक तुझ्या पाया पडत असतील."

"पाया नाही पडत. जेवायला बोलावतात."

"कोन?"

"देशांची सरकारं. प्रत्येक देशाचा वकील असतो तिथं, म्हणजे राजदूत. तो बोलावतो. गावाकडचं विचारतो, तब्येतीचं विचारतो. आणि शेवटी गोड आलं की एक नाव काढतो. आमचा एक हुशार माणूस आहे, त्यानं अर्ज केलाय, एवढंच. देऊन टाका, असं कुणी म्हणत नाही."

मी इतकी हसले की शेंगांची पाटी सांडली. म्हणजे तिकडंही तेच. त्या दिवशी मी शेवयांची खीर केली होती. तू वाटी बाजूला सारलीस. "वहिनी, गोड समोर आलं की मला वाटतं, आता कुणाचं तरी नाव येणार." मी म्हणाले, "मी नाव काढत न्हाई, गप खा." तू खाल्लीस.

पुढं तू जे सांगितलंस त्याला मात्र मला हसू आलं नाही. काही खुर्च्या काही देशांच्याच असतात, म्हणालीस. कुठं लिहिलेलं नसतं. जाहिरात निघते, हजार माणसं अर्ज करतात, बिचारी अभ्यास करतात, परीक्षा देतात, आणि शेवटी बसतो त्याच देशाचा माणूस. कारण तो देश जास्त वर्गणी भरतो, नाहीतर संस्थेच्या मोठ्या साहेबाला पुन्हा निवडून यायचं असतं आणि मतं देशांचीच असतात. काही देश तर पगार आपला देऊन आपली पोरं पाठवतात. शिकाऊ म्हणून येतात आणि तिथंच मुरतात.

मी म्हणाले, "म्हंजी मामंजींसारखं झालं की."

माझ्या सासऱ्यांनी, तुझ्या बापानं, छप्पन साली धर्म बदलला आणि गावाचं काम सोडलं. मेल्याचा सांगावा नेणं, मेलेली ढोरं ओढणं. गावानं किती त्रास दिला. गाव म्हणायचं, काम तुमच्या घराण्याचं आहे, तुम्ही सोडणारे कोण? कोणतं काम कुणाच्या घराण्याचं, हे जन्माच्या आधी ठरलेलं. तू शेंग हातात धरून माझ्याकडं बघत राहिलीस. म्हणालीस, "आम्हाला नको ते काम चिकटवलं होतं. तिथं हवी ती खुर्ची चिकटलेली आहे. पण चिकटवणारा डिंक तोच."

यावरून आपलं एक भांडण लागलं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचीस, माणूस फक्त लायकी बघून घ्यावा, देश बघू नये. मी म्हणायचे, मग तुला कॉलेजात कसं घेतलं? राखीव जागा होती म्हणून. तू म्हणायचीस, तो हिस्सा होता, आणि हिस्सा तिथंही आहे, कुठल्या देशाची किती माणसं असावीत याचं प्रमाण ठरलेलं आहे, ते बरोबरच आहे, नाहीतर लहान देशांची माणसं कोण घेणार? मी म्हणायचे, बघ, आता देश बघतेस. तू चिडायचीस. "वहिनी, हिस्सा सगळ्यांसमोर ठरतो. फोन गुपचूप येतो." मी म्हणायचे, हिस्सासुद्धा फोन करणारेच खातात. असं चालायचं. तू शिकलेली, पण मला गप्प करू शकली नाहीस. मीही तुला करू शकले नाही. आता तू गेलीस, म्हणजे मी जिंकले असं काही नाही.

तू सुट्टीला आलीस की दारात माणसं बसलेली असायची. आंदर मावळातून पायपीट करून आलेली असायची. प्लास्टिकच्या पिशवीत मुलाची सर्टिफिकेटं. त्यांना वाटायचं, जगात नोकऱ्या वाटणारी बाई आली आहे. तू प्रत्येकाला चहा द्यायचीस, प्रत्येकाला अर्ज कसा भरायचा ते सांगायचीस, आणि प्रत्येकाला सांगायचीस की माझं नाव कुठंही घेऊ नका. माणसं चहा पिऊन जायची आणि हायवेवर जाऊन तुला शिव्या द्यायची. मी तुला म्हणायचे, एकाचं तरी कर. तू म्हणायचीस, एकाचं केलं की मी निवडणारी राहिले नाही, मग मी पण जेवायला बोलावणारीच झाले.

आणि मग अण्णा आला.

अण्णा आपल्या तालुक्यातला पुढारी, कार्ल्यापासून वडगावपर्यंत त्याला ओळखत नाही असं कुणी नाही. भात झोडपून झालं होतं, मी अंगणात पेंढा रचत होते. गाडी थांबली. अण्णा उतरला, बरोबर दिल्लीकडचे म्हणवणारे एक गृहस्थ, बूट शेणात जाऊ नयेत म्हणून दगडावरून दगडावर पाय टाकणारे. हातात साडीचा खोका.

"मावशी, बऱ्या हाय ना?"

"बरी हाय. साडी कुनाला?"

"तुमाला. भाच्यानं मावशीला साडी आनू न्हाई व्हय?"

"आन की. पन ह्या आधी कधी आनली न्हाईस."

मिलिंद, माझा मुलगा, तेव्हा तळेगावच्या कारखान्यात कंत्राटी होता. त्या दिवशी घरीच होता. त्यानं खुर्च्या मांडल्या. मी चहा केला. दुसरा कप होईपर्यंत अण्णा भाताचं बोलला. मग म्हणाला, तुझ्या संस्थेत एक मोठी जागा भरायची आहे, आपल्या देशाचा एक माणूस पुढं आहे, सरकारची त्याला साथ आहे, सगळं जमलंय, फक्त निवडणाऱ्यांत तू बसली आहेस आणि ऐकत नाहीस. "ताई तुमच्या शब्दाभायेर न्हाईत. तुमी फकस्त फोन करा." आणि उठता उठता मिलिंदच्या पाठीवर हात ठेवला. "आन् ह्याचं किती दिस कंत्राटी? त्याचं बी बघू. पर्मनंट करून टाकू. माझा शब्द."

आपल्याकडं अशीच पद्धत आहे. घरातल्या बाईला काही मागायचं तर थोरल्या बाईकडून शब्द टाकायचा. म्हणजे धाकटीला नाही म्हणता येत नाही. दिल्लीहून निघालेलं काम सात समुद्र ओलांडून जायचं, ते माझ्या अंगणातून निघालं.

मी साडी परत दिली. पण फोन केला. हो, केला, आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या पोराचं पोट होतं. मी तुला म्हणाले, "सुमे, आपलाच मानूस हाय, कर सही."

तू विचारलंस, "तुझ्या अंगणात आले होते?"

"आलते."

"मिलिंद होता?"

"व्हता. त्याला पर्मनंट करतो म्हनले."

तू म्हणालीस, "वहिनी, दुसरी एक बाई पहिली आली आहे. एवढ्याशा बेटाची. तिच्यासाठी कुणीही फोन केलेला नाही. तिच्या सरकारला बहुतेक माहीतसुद्धा नाही तिनं अर्ज केलाय ते."

"तिचं ती बघंल. हा आपला हाय."

"आपला म्हणजे कुणाचा, वहिनी?"

आणि लगेच म्हणालीस, "आतापर्यंत मी विचार करत होते. तू फोन केलास, आता विचार संपला. घरापर्यंत आले, आता सही होणार नाही." आणि फोन ठेवलास. त्या रविवारी पेपर वाचून घेतला नाहीस.

मी ते अजून कबूल करत नाही. मी सांगितलं म्हणून तू ठाम झालीस, असं म्हणायला तू मोकळी होतीस. मी सांगितलं नसतं तर केली असतीस का? मी तुला हे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू चहा ओतायला उठलीस.

तू सही केली नाहीस. तुला त्या कामावरून बाजूला काढलं, तुझ्या जागी दुसऱ्याला बसवलं, त्यानं केली. तो माणूस त्या खुर्चीत बसला. वर्षाच्या आत तुझी मुदत संपली आणि ती वाढवली नाही. खर्च कमी करायचाय, असं कारण दिलं. मिलिंदला कारखान्यातून कमी केलं, तेव्हाही तेच कारण दिलं. त्या बेटावरच्या बाईला तर काही कळलंच नाही. तुझं नावही तिला माहीत नसेल.

मी म्हणाले होते तुला, लोणावळ्याच्या त्या दोन खोल्यांत, तू परत आल्यावर. "काय मिळालं? तो बसायचा तो बसलाच. तुझी गेली, माझ्या पोराची गेली."

"बसला, पण माझ्या सहीनं नाही."

"त्यानं काय फरक पडला?"

"त्याला नाही पडला."

मला राग आला. असलं बोलणं पोट भरलेल्या माणसाचं असतं, असं मी म्हणाले. तुझं पोट फार भरलेलं नव्हतं तेव्हा, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले.

मिलिंद तुझ्या घरी आला नाही. जीप घेतली, पर्यटकांना डोंगरावरच्या पॉइंटांवर फिरवायला लागला. तुझ्या इमारतीखालून दिवसातून चार वेळा जायचा. मी म्हणायचे, वर जा, आत्या आहे तुझी. तो म्हणायचा, "तिला जगाची पोरं दिसली, भावाचं न्हाई दिसलं." मी तुला हे सांगितलं नाही. तुला ठाऊक होतं. तू खिडकीतून जीप बघायचीस, मला दिसायचं.

आणि याहून वाईट पुढंच होतं. तो माणूस खुर्चीत बसला तशी अण्णानं तालुकाभर हवा केली. आपला शब्द परदेशापर्यंत गेला, सुमनताईंनी आपलं काम केलं, असं जिथं तिथं सांगायला लागला. जे न केल्याबद्दल तुझी नोकरी गेली, तेच केल्याबद्दल लोक तुला नमस्कार करायला लागले. बाजारात एक जण मला म्हणाला, "तुमच्या ताईंनी लय मोठं काम केलं." मी तुझ्याकडं आले. म्हणाले, "सांग की खरं. उभी राहा आणि सांग."

"निवडीबद्दल बाहेर बोलायचं नाही, वहिनी. शपथ घेतली आहे. कुठल्याच सरकारचं ऐकायचं नाही आणि आतलं बाहेर सांगायचं नाही."

"अगं, नोकरी गेली, आता कसली शपथ?"

"नोकरी गेली. शपथ कुठं गेली?"

"मग मला कसं सांगितलंस?"

"तू बाहेरची आहेस का?"

आणि माझ्याकडूनही वचन घेतलंस, बोलायचं नाही म्हणून. मी आयुष्यात गप्प बसले नाही कधी. तुझ्यासाठी बसले. तुला त्याची किंमत कळली होती का, कोण जाणे.

मग ते पोटाचं दुखणं आलं. एका रविवारी मी तुझ्याकडं होते, तुला फार त्रास व्हायला लागला. लोणावळ्यात रविवारी संध्याकाळी काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. सगळं पुणं आणि सगळी मुंबई परत निघालेली. रिक्षा हलत नव्हती. मी मिलिंदला फोन केला. म्हणाले, आत्यासाठी नको येऊ, माझ्यासाठी ये. तो आला. वर आला. तुला उचलून खाली आणलं, असं मी लिहिणार होते, पण तू उचलू दिलं नाहीस. त्याचा दंड धरून उतरलीस.

जीपमध्ये मी मागं, तू पुढं. तो आतल्या रस्त्यांनी काढत होता, पण शेवटी हायवेला लागावंच लागलं आणि अडकलो. दोन्ही बाजूंना गाड्या. लोक भाजलेली कणसं खात होते, एका गाडीत पोरं नाचत होती.

मग मिलिंद म्हणाला, "आत्या, एक इचारू?"

"विचार."

"तवा सही केली असती तर काय झालं असतं?"

"तू पर्मनंट झाला असतास."

"ते म्हाईत हाय. तुझं काय झालं असतं?"

"मी राहिले असते तिथं. पेन्शन झाली असती."

"आन् त्या बेटावरच्या बाईचं?" तिचं मी त्याला वचनाच्या आधीच सांगून टाकलं होतं.

"तिचं काहीच झालं नसतं. आत्ताही नाही झालं."

"मग?"

मला वाटलं, आता तू शपथेचं सांगशील. बापाचं सांगशील. तू बाहेर बघत म्हणालीस, "मग काही नाही रे. मला जमलं नाही."

इतकंच. मी मागं बसून ऐकत होते. इतक्या वर्षांत मला तू हिस्सा सांगितलास, शपथ सांगितलीस, खुर्च्या सांगितल्यास. जमलं नाही, हे त्याला सांगितलंस. पुढची गाडी हलली, मिलिंदनं गिअर टाकला. तुझ्या बाजूची काच थोडी वर केली, वारा लागू नये म्हणून.

त्यानंतर तो रोज दवाखान्यात यायचा. तुम्ही काही बोलायचात असं नाही. तो मोबाईल बघत बसायचा, तू डोळे मिटून. एकदा मी आत आले तर तू त्याला पेपर वाचायला लावला होतास आणि तो कंटाळून वाचत होता. एका शब्दाला अडला. तू डोळे न उघडता म्हणालीस, "पुन्हा."

तू सकाळी गेलीस. मी चहा आणायला खाली गेले होते. याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. माणूस कधीतरी जातंच. पण मला तुला एक विचारायचं राहिलं होतं आणि मी ते दुपारी विचारणार होते. तू सही केली नाहीस म्हणून मला राग होता, तो अजून आहे. पण तू केली असतीस, आणि मिलिंद कायम झाला असता, तर मी तुझ्याशी आता बोलते तशी बोलू शकले असते का? हे तूच मला सांगू शकली असतीस. मला एकटीला ते सुटत नाही.

मिलिंदनंच अग्नी दिला. दुसरं कोण होतं?

मग विहारात पुण्यानुमोदन झालं. पांढऱ्या लुगड्यात मी पुढं बसले. तुझा फोटो, मेणबत्त्या, पंचशील झालं. मग बोलणारे उठले. अण्णा शेवटी उठला, कारण मोठी माणसं शेवटी उठतात. पांढरे कपडे कडक इस्त्रीचे. त्यानं तुझ्या फोटोला हात जोडले आणि म्हणाला, "सुमनताई गेल्या, पर त्यांचं काम जानार न्हाई. मी सोता मावशींच्या अंगनात जाऊन शब्द टाकला व्हता. ताईंनी तो राखला. आज त्या परदेशातल्या खुर्चीवर आपला मानूस बसलाय तो ताईंच्या सहीनं बसलाय. आपल्या मातीला ताई विसरल्या न्हाईत."

लोकांनी माना हलवल्या. काहींनी डोळे पुसले. मी वचनानं बांधलेली. मी तुझ्या फोटोकडं बघितलं आणि मनात म्हणाले, बघ, ऐक आता. तुला हेच हवं होतं ना, गप्प बसणं.

मागं कुणीतरी उठलं. मला वाटलं पाणी प्यायला उठलं असेल. मग मिलिंदचा आवाज आला.

"अण्णा, आत्यानं सही केली न्हवती."

अण्णा हसला. "अरं, तुला काय म्हाईत त्यातलं?"

"केली असती तर तुमी मला पर्मनंट केलं असतं. शब्द तुमीच दिलता, माझ्या पाठीवर हात ठिवून. मी खुर्च्या मांडल्यावत्या तवा."

अण्णा म्हणाला, "पोरगं दुक्कात हाय. बस, बस."

"दुक्कात हाय, पन डोकं जाग्यावर हाय. हितं बसलेल्या कुनीबी सांगा. मी पर्मनंट हाय का?"

मग मिलिंदबरोबर कारखान्यात होता तो एक जण, भिंतीला टेकून बसलेला, हळूच म्हणाला, "न्हाई बा. तू जीप चालीवतो."

"झालं तर मग," मिलिंद म्हणाला. "आत्यानं सही केली न्हाई." आणि खाली बसला.

बौद्धाचार्यांनी घाईघाईनं गाथा सुरू केली. अण्णा मधेच उठून गेला, त्याला कुठं तरी लग्नाला जायचं होतं. सुमे, मी वचन मोडलं नाही. मी एक शब्द बोलले नाही, आणि हे बोलते ते तुझ्याशीच, बाहेरच्याशी नाही. आणि त्या पोरानं कुठली शपथ घेतली नव्हती. त्याच्याकडं दाखवायला एकच गोष्ट होती, त्याला न मिळालेली नोकरी. ती त्यानं दाखवली.

जीपमधून घरी येताना कार्ल्याचा फाटा आला. मग तो म्हणाला, "आई, तरीबी आत्याचं चुकलंच."

"चुकलंच," मी म्हणाले.

त्यानं जीप दारात आणून उभी केली, इंजिन बंद केलं. आणि मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. दोघांपैकी कुणाला उतरवेना.